कुंपणाकडचा कान

१

बाकावरचा म्हातारा मेलेला नाही, नुसता बसलाय, एवढं कळायलाच त्या सकाळी सगळ्यांना बराच वेळ लागला.

माझं कपडे दुरुस्तीचं दुकान बागेसमोरच्या गल्लीत आहे. दुकान उघडायच्या आधी आत्याला बागेत फिरवून आणायचं हा माझा नेम, आणि आपण भाचीला फिरवून आणतो हा आत्याचा समज. आत्या पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाली. खात्यानं तिला सोडलं, तिनं खात्याला नाही. भाजीवाल्याशीसुद्धा ती जबाब घेतल्यासारखी बोलते.

बाग फार जुनी. कुण्या राजानं राणीसाठी बांधली असं पाटीवर लिहिलंय. राजापासून लांब बसता यावं म्हणून राणीनंच बांधून घेतली असणार, असं आत्याचं म्हणणं. बाहेर दिवसरात्र गाड्यांचा गोंगाट, पण त्या उंच दगडी भिंतीच्या आत पाऊल टाकलं की कोणीतरी मागून दार लोटून घेतल्यासारखं वाटतं. भिंत ऐतिहासिक आहे म्हणून तिला खिळा मारायलासुद्धा बंदी. त्यामुळे मागच्या बाजूला ती जिथं पडलीय तिथं पडलेलीच आहे.

त्या दिवशी खिडकीशी तिकीटताईनं आम्हाला तिकिटं दिली. आत्यानं पैसे दिले, मागे वळली, आणि परत पाकीट उघडून पैसे काढायला लागली.

"दिलेत हो आत्ता," तिकीटताई हळूच म्हणाली. माझ्याकडे बघून ती किंचित हसली. तिच्या मनगटावर ताजे ओरखडे होते.

"मांजर पाळलंस की काय?" आत्यानं विचारलं.

"मी कसली पाळते? तेच मला पाळतंय."

आम्ही आत गेलो तर कोपऱ्यातल्या बाकाभोवती घोळका. बाकावर एक म्हातारा. इस्त्रीचा शर्ट, राखाडी स्वेटर, पॉलिश केलेले बूट. दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोर. हवालदार त्याच्या डाव्या बाजूला उभा राहून ओरडत होता, "बाबा, नाव काय तुमचं? घर कुठं?" म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही.

"ठार बहिरा आहे," हवालदारानं जाहीर केलं. "आणि डोक्यानंही गेलेला. सोडून गेलंय कोणीतरी. उठवायला गेलं तर बाक धरून बसतो."

बागेचे साहेब घाम पुसत होते. पुढच्या आठवड्यात बागेचा वर्धापनदिन, मोठे पाहुणे यायचे होते. "फौजदारबाई, बरं झालं आलात! निराधार वृद्धांच्या सरकारी घराला फोन केलाय, दुपारपर्यंत त्यांची गाडी येईल. पण ते फक्त बेवारस माणूस घेतात. नातेवाईक सापडला तर हात लावणार नाहीत, उलट त्या नातेवाइकावर गुन्हा. आणि हा माणूस आत आला कसा? फाटक एकच! दरवानाला मी आज घरी बसवणार म्हणजे बसवणार."

दरवानकाका बाजूला उभे होते. त्यांच्या हातातली टोपी पिळून पिळून चिंधी झाली होती.

"गाडी येईपर्यंत थांबा," आत्या म्हणाली. "ज्यानं याला टाकलं त्याचं तोंड मला एकदा बघायचंय. बाकीचं तुमचं तुम्ही."

हवालदार जाता जाता म्हणाला, "नाही सापडायचा, मॅडम. पक्क्या डोक्याचा माणूस आहे. खिशात चिठीचपाटी नाही, आणि कपड्यांची लेबलं बघा. शर्टाचं, स्वेटरचं, सगळी काढलेली. ओळखच पुसलीय."

२

लेबलांचा विषय निघाल्यावर आत्यानं माझ्याकडे पाहिलं. गेली कित्येक वर्षं मी लोकांच्या कॉलरीतच राहते.

मी म्हाताऱ्याच्या मागे गेले आणि स्वेटरची मान हलकेच उलटी केली. त्यानं विरोध केला नाही. अंगाला साबणाचा वास येत होता. दाढी गुळगुळीत, हनुवटीच्या खळीतसुद्धा एक खुंट राहिलेला नाही. दुसऱ्याची दाढी करताना ती खळी हमखास सुटते. ती न सुटायला रोजची सवय लागते.

"काय दिसतंय?"

"लेबल कापलेलं नाही, आत्या. उसवलंय. एकेक टाका."

"म्हणजे सावकाश बसून पुरावा नष्ट केला."

"थांब की जरा. काल-परवा उसवलं असतं तर सुईची भोकं दिसली असती. इथं लोकर परत मिटून आलीय. बऱ्याच धुण्यांमधून गेल्याशिवाय असं होत नाही. शर्टाचंही तेच. हे ओळख पुसायला काढलेलं नाही गं. याच्या मानेला टोचत असणार, म्हणून कोणीतरी काढलंय. फार पूर्वीच."

आत्यानं भुवया आवळल्या. तिनं भुवया आवळल्या की मला भीती वाटते.

तिनं वाकून म्हाताऱ्याचा एक पाय उचलला, बुटाचा तळ पाहिला, मग माझा पाय उचलायला सांगितला. माझ्या चपलेला लाल मुरमाचा चिखल चिकटला होता. म्हाताऱ्याचा तळ स्वच्छ, जणू बूट घालून तो पलंगावरच बसला होता.

"माळीदादा," तिनं हाक मारली, "पायवाटेवर पाणी कधी मारता?"

माळीदादा बोलायला टपलेलाच होता. "फाटक उघडलं की पहिलं तेच काम, बाई. नाहीतर धूळ उडते. आज पण मारलं. सगळीकडे फवारे सुरू केले. हा एकच कोपरा कोरडा. इथला फवारा बिघडलाय, साहेबांना सांगून सांगून माझी जीभ झिजली."

"म्हणजे सकाळी सकाळी बागेतला कोरडा बाक हा एकच."

"एकच. आणि दिवसभर सावली पण ह्यालाच. त्या भिंतीची आणि झाडाची मिळून. मी दुपारी इथंच आडवा—" साहेबांकडे लक्ष जाऊन माळीदादा थांबला. "आडवा पाइप टाकायचा म्हणतोय."

आत्यानं हसू दाबलं, मग तिचा चेहरा उतरला.

"टाकून देणारा माणूस सावली बघत नाही," ती मला हळूच म्हणाली. "मी उगाच शिव्या देत होते. याला कोणी टाकलेलं नाही. याला कोणीतरी नीट ठेवलंय. आणि ठेवणाऱ्याला ही बाग घरासारखी पाठ आहे."

म्हणजे बाहेरचं कोणी नव्हतं. आतलं होतं, आणि बहुतेक आत्ता आमच्याकडे बघतच होतं.

३

दरवानकाकांनी आत्याचा प्रश्न अर्ध्यात असतानाच कबुली दिली, पण भलत्याच गोष्टीची.

"फाटक उघडलं की मी केबिनमध्ये स्टोव्हवर चहा ठेवतो, बाई. फाटकाकडे पाठ होते. पण तिकीटताई असते ना खिडकीत! चहा होईपर्यंत ती बघते. आमचं आपलं ठरलेलंच आहे. मी एक कप तिला देतो."

"हे साहेबांना सांगितलंत?"

"कसं सांगू? मग तिचंही नाव येईल. लेकरू गरीब आहे. मला घरी बसवलं तर बसवू देत. घरी तरी कोण माझी वाट बघतंय? सून म्हणते, बाबा तुम्ही कामावर असलात की बरं असतं. बरं कुणाला, ते काही ती सांगत नाही."

ऊन चढायला लागलं होतं. माळीदादानं उपाहारगृहातून पेलाभर सूप आणलं आणि म्हाताऱ्याच्या डाव्या बाजूला बसून चमचा पुढे केला. "आजोबा, आ करा. गाडी आली बघा, भुर्रर्र." म्हाताऱ्याचे ओठ गच्च मिटलेले. दरवानकाकांनी करून बघितलं. मग मी. सूप त्याच्या हनुवटीवरून ओघळलं आणि मी ते माझ्या पदरानं पुसलं.

"द्या इकडे." तिकीटताई होती. खिडकीला 'थोड्या वेळात येते' अशी पाटी लावून आली होती.

बाक अगदी कोपऱ्यात. बसणाऱ्याच्या उजव्या हाताला काटेरी कुंपण, डावीकडे मोकळं, आणि तिकडेच लांब भिंतीपलीकडे रस्ता. मोकळ्या बाजूला आम्हीच दाटी केली होती, म्हणून की काय, ती अंग चोरून बाक आणि कुंपणाच्या फटीत शिरली. चमचा सुपात बुडवला, निथळावा म्हणून पेल्याच्या काठावर दोनदा वाजवला. टक, टक. आणि म्हाताऱ्यानं चिमणीच्या पिलासारखं तोंड उघडलं.

"बाईचा हात तो बाईचा हात," माळीदादा म्हणाला.

"मी पण बाईच आहे," मी म्हटलं.

"तुम्ही शिंपी आहात."

सगळे हसले. तिकीटताईही हसली, पण पेला रिकामा होईपर्यंत तिनं नजर वर केली नाही. आत्या म्हाताऱ्याकडे बघत नव्हती. ती तिकीटताईच्या मनगटाकडे बघत होती. सकाळच्या ओरखड्यांशेजारी आता एक नवा ओरखडा उठला होता, अगदी तसाच.

तिकीटताई गेल्यावर आत्या मला म्हणाली, "तू बारीक आहेस. जा त्या फटीत."

"काटे आहेत!"

"म्हणूनच तर तुला सांगतेय. जा, आणि त्याच्या उजव्या कानाशी काहीतरी बोल. ओरडू नकोस. घरात बोलतो तसं."

मी शिरले. दंडाला काटा लागला. वाकून मी साध्या आवाजात विचारलं, "बरं वाटतंय ना?"

ठार बहिरा म्हातारा चटकन माझ्याकडे वळला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे डोळे कशावर तरी ठरले.

"आलीस?" तो म्हणाला.

मग मी ती नव्हे हे त्याला कळलं असावं. तो परत समोर बघायला लागला.

४

तिकिटाच्या खोलीत जेमतेम एक टेबल मावतं. मागे पाहुण्यांसाठीची व्हीलचेअर घडी करून भिंतीला टेकवलेली. तिच्या चाकांखाली फरशीवर लाल मुरमाच्या दोन रेघा वाळल्या होत्या. आत्यानं दार लावलं आणि स्टुलावर बसली.

"मांजराचं नाव काय ठेवलंयस?" तिनं विचारलं.

तिकीटताई तिकिटांचा गठ्ठा सारखा करत राहिली.

"बाबा म्हणत असशील," आत्या म्हणाली. "तुझ्या हातावर ओरखडे आम्ही आलो तेव्हाच होते. सूप भरवायच्या कितीतरी आधी. म्हणजे त्या फटीत तू सकाळी एकदा जाऊन आलेलीस. सगळे मोकळ्या बाजूनं त्याच्या बहिऱ्या कानात ओरडतायत, आणि तू एकटी काट्यात शिरतेस, कारण ऐकू येणारा कान कुंपणाकडे आहे हे तुला ठाऊक. तूच त्याला तसा बसवलास. बहिरा कान रस्त्याकडे. हॉर्नला घाबरतो का तो?"

"रडतो," तिकीटताई म्हणाली.

एवढा एकच शब्द. पण तो बोलल्यावर तिच्यानं हातातला गठ्ठा धरवेना. तिकिटं जमिनीवर पसरली. मी वेचायला लागले, काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"दरवानकाका चहात असताना व्हीलचेअरवरून नेलंस. म्हणून बुटाला चिखल नाही. आणि तो चमचा. दोनदा वाजवल्याशिवाय तो तोंड उघडत नाही, हे शिकायला एक सकाळ पुरत नाही. तुला ते न करताही भरवता आलं असतं, निदान प्रयत्न करून सोडून देता आलं असतं. मग मला काहीच कळलं नसतं."

"उपाशी होते हो," ती म्हणाली. "सकाळी गडबडीत दूध पण नीट घेतलं नाही त्यांनी."

मग ती बोलत गेली. आवाज न चढवता, खिडकीतून वेळापत्रक सांगावं तशी. भाड्याची एक खोली. कामावर येताना ती बापाला आत ठेवून बाहेरून कडी लावायची. मागच्या महिन्यात त्यानं गॅस सुरू केला आणि काडी शोधत बसला. सापडली नाही म्हणून इमारत उभी आहे. घरमालकानं सांगितलं, एक तर त्याला हलव, नाही तर दोघं निघा.

"भाऊ नाही?"

"आहे ना! मोठं घर आहे त्याचं. कुत्र्याला वेगळी खोली आहे. तो म्हणतो, ताई, तू एकटी आहेस, तुला वेळ आहे. एकटी आहे म्हणून मला वेळ आहे!" ती हसली. ते हसू बघवेना. "त्या सरकारी घरात जाऊन आले. बाई चांगली होती. म्हणाली, तुम्ही आहात ना त्यांना? मग नाही घेता येणार. मी म्हटलं, मी मेले तर? ती म्हणाली, मग घेऊ. घरी येताना तेच डोक्यात. मी मरायचं, की नुसतं नसायचं?"

"दुसरीकडे कुठं का नाही ठेवलंस? आपल्याच कामाच्या जागी?"

तिकीटताईनं मान वळवली. खिडकीच्या बरोबर समोर, दोन झाडांच्या मधून, तो बाक दिसत होता. राखाडी स्वेटर. गुडघ्यांवरचे हात.

"बाहेर रस्त्यावर कुठं ठेवणार होते मी?" ती म्हणाली. "इथं निदान दिसतात."

आत्यानं पायाशी पडलेलं एक तिकीट उचलून टेबलावर ठेवलं. 

"सकाळी कानात काय सांगितलंस?"

"बसा बाबा, मी आलेच."

म्हणूनच तो बाक सोडत नव्हता. लेकीनं बसायला सांगितलं होतं.

बाहेर हॉर्न वाजला. सरकारी घराची गाडी फाटकातून आत येत होती, आणि साहेब तिच्या पुढे पळत आमच्याच दाराशी येत होते.

५

"लागला छडा?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

आत्या उठली. तिकीटताई भिंतीला टेकून उभी. तिला पकडलं तर गुन्हा, नोकरी गेली, आणि म्हातारा परत त्या कडीमागे. नाही पकडलं तर तो बेवारस, आणि तिला बाप कधी नव्हताच. आणि दारात दरवानकाका चिंधी झालेली टोपी घेऊन उभे.

"लागला," आत्या म्हणाली. "मागची भिंत पडलीय तिथून आणलं. बाहेरचे लोक होते, निघून गेले. आता नाही सापडायचे. फाटकाचा काही संबंध नाही, तेव्हा दरवानाला कामावर ठेवा. आणि ती भिंत बांधून घ्या आधी. मी तसं लेखी देते."

मी आत्याकडे बघतच राहिले. ती खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते. खरं बोलल्यासारखंच बोलत होती.

साहेबांचा चेहरा उजळला. "मी तेच ओरडतोय! पण ऐतिहासिक, ऐतिहासिक म्हणून परवानगीच देत नाहीत. आता देतील!" भिंतीसाठी निमित्त मिळालं म्हणून इतका आनंदलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गाडीतून एक मदतनीस उतरला, चांगला दणकट. त्यानं म्हाताऱ्याला काखेतून धरलं. म्हाताऱ्यानं बाकाची कड धरली. माळीदादा आला, दरवानकाका आले. म्हातारा ओरडत नव्हता, नुसता मान हलवत होता. नाही, नाही.

"बोटं सोडवावी लागतील," मदतनीस म्हणाला.

"थांबा," तिकीटताई म्हणाली.

ती परत त्या फटीत शिरली. या वेळी अंग चोरलं नाही, काटे सरळ लागू दिले. वाकली, उजव्या कानाशी काहीतरी बोलली. आम्हाला ऐकू आलं नाही. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि बाकाची कड सोडली. शहाण्या मुलासारखा उठून तो मदतनिसाबरोबर चालायला लागला. त्याच्या स्वच्छ बुटांना पहिल्यांदा मुरूम लागला.

"तुमची कोण लागतात का हो?" मदतनिसानं सहज विचारलं. हातातल्या फॉर्मवर त्याचं पेन टेकलेलंच होतं.

"नाही," तिकीटताई म्हणाली. "मी इथं तिकिटं देते."

म्हाताऱ्याला खिडकीशी बसवलं. मदतनिसानं दार ओढून घेतलं, पुढे चढला, आणि ड्रायव्हरला निघ म्हणून हातातली किल्ली पत्र्यावर वाजवली.

टक, टक.

काचेमागे म्हाताऱ्यानं तोंड उघडलं.

गाडी वळली, फाटकाबाहेर गेली, गोंगाटात मिसळली. दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच आ करून बसलेला होता. तिकीटताईचा हात अर्धवट वर उचललेला, बोटं चमचा धरल्यासारखी. मग कोणीतरी खिडकीशी येऊन "दोन द्या" म्हणालं, आणि ती द्यायला गेली.

दरवानकाकांनी आत्याला नमस्कार केला. आत्यानं तो घेतला नाही. "चल," ती मला म्हणाली, "दुकान उघडायचंय तुला."

फाटकाबाहेर गर्दीतून चालताना तिनं माझा दंड धरला. ती सहसा धरत नाही. काटा लागला होता तिथंच तिची बोटं आली, पण मी दंड सोडवून घेतला नाही. रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा तिनं दुसऱ्या हातानं आपल्या स्वेटरची मान चाचपली.

"याचं लेबल कुठं गेलं गं?"

"मी काढलं, आत्या. टोचतं म्हणालीस ना."

"मी म्हणाले?"

"हो."

"कधी?"

मी सिग्नलकडे बघत राहिले. आत्यानं परत एकदा मानेवरून बोट फिरवलं, सावकाश, पुरावा तपासल्यासारखं.

"भोकं बुजली आहेत," ती म्हणाली.